गाळा सोडला, पण पाटी तशीच राहिली! सीडीएनवरून डोमेन काढताना नेमकं काय चुकतं?

कोरोनाच्या काळात बातम्यांमध्ये रोज एक नाव यायचं, सीडीसी. साथीच्या आजारांवर लक्ष ठेवणारी ही अमेरिकेची सरकारी संस्था. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच संस्थेच्या काही वेब पत्त्यांवर भलताच मजकूर दिसू लागला. पत्त्याच्या शेवटी 'सीडीसी डॉट गव्ह' असं स्पष्ट लिहिलेलं, ब्राउझरला काही वावगं वाटत नव्हतं, आणि आत मात्र अश्लील व्हिडिओंच्या नावाखाली लोकांना फसवणुकीच्या साइट्सवर नेणाऱ्या लिंक्स.

साहजिकच पहिला अंदाज असा की सीडीसी हॅक झाली. पण कुणी पासवर्ड चोरला नव्हता, की सीडीसीचा सर्व्हर फोडला नव्हता. इन्फोब्लॉक्स या सायबर सुरक्षा कंपनीने मे २०२५ मध्ये या प्रकाराचा अहवाल दिला आणि त्यामागच्या टोळीला 'हेझी हॉक' असं नाव दिलं. या टोळीची पद्धत साधी होती. मोठमोठ्या संस्थांनी वापरून सोडून दिलेल्या जागा शोधायच्या आणि त्या आपल्या नावावर करून घ्यायच्या. सरकारी संस्था, विद्यापीठं, नावाजलेल्या कंपन्या असे सगळेच या यादीत होते. सोडून दिलेल्या जागांमध्ये क्लाउड सेवांबरोबर सीडीएन सेवाही होत्या.

म्हणजे गडबड काही जोडताना झाली नव्हती. ती काढताना झाली होती. वेबसाइट सुरू कशी करायची हे सांगणारे हजारो व्हिडिओ सापडतात. पण सुरू केलेली गोष्ट नीट बंद कशी करायची, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. आणि त्याची किंमत शेवटी लिंकवर क्लिक करणाऱ्याला मोजावी लागते.

आधी सीडीएन म्हणजे काय ते पाहू

सीडीएन म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. समजा, पुण्यात एक बाकरवडीचा कारखाना आहे. नागपूरच्या माणसाला पावशेर बाकरवडी हवी असेल तर तो दर वेळी पुण्याला येणार नाही. म्हणून कारखानदार गावोगावी गाळे भाड्याने घेतो, तिथे माल भरून ठेवतो. गिऱ्हाईक जवळच्या गाळ्यातून माल नेतं. माल संपला की गाळेवाला पुण्याहून मागवतो.

वेबसाइटचंही असंच. मूळ सर्व्हर समजा अमेरिकेत आहे. मुंबईतल्या माणसाने फोटो उघडला की तो दर वेळी समुद्राखालच्या केबलमधून येण्याऐवजी मुंबईतच ठेवलेल्या प्रतीतून येतो. या साठवलेल्या प्रतीला कॅश म्हणतात. अशी जगभर पसरलेली सर्व्हरची जाळी उभी करून भाड्याने देणाऱ्या कंपन्या म्हणजे सीडीएन कंपन्या. अमेरिकेतल्या एमआयटीमधून पुढे आलेल्या टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली अकामाई ही यातली जुनी कंपनी. क्लाउडफ्लेअर, फास्टली, अमेझॉनची क्लाउडफ्रंट ही आणखी काही मोठी नावं. सामन्याचं लाइव्ह स्ट्रीमिंग असो की बातमीतला फोटो, तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या जाळ्यातून तुमच्या मोबाइलवर येतो.

आता गिऱ्हाइकाला गाळा कुठे आहे हे कळणार कसं? त्यासाठी रस्त्यावर पाटी लागते. इंटरनेटवर हे पाटीचं काम डीएनएस करतं. तुम्ही वेबसाइटचं नाव टाइप करता, डीएनएस त्याचा पत्ता सांगतं. त्यातल्या एका नोंदीला सीनेम म्हणतात. 'या नावासाठी इथे नका थांबू, त्या नावाकडे जा' एवढंच ती नोंद सांगते. बहुतेक सीडीएनची जोडणी याच नोंदीने होते.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की पाटी आणि गाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी एका ठिकाणी लावलेली असते, गाळा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. आणि दोन्हींचा हिशेब बऱ्याचदा वेगवेगळी माणसं ठेवतात.

मग डोमेन काढायची वेळ का येते?

कारणं अगदी रोजची असतात. कंपनीने दिवाळी ऑफरसाठी वेगळा पत्ता काढला, दिवाळी संपली. कॉलेजने प्रवेशासाठी वेगळी साइट केली, प्रवेश संपले. एखादं टेस्टिंग ॲप दोन आठवड्यांसाठी उभं केलं आणि ते काम गुंडाळलं. कधी बिल परवडत नाही म्हणून कंपनी बदलली जाते.

आणि कधी गाळेवालाच बाजारातून उठतो. एजिओ ही सीडीएन कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे बरेचसे ग्राहक करार अकामाईने घेतले, पण जाळं घेतलं नाही. ते १५ जानेवारी २०२५ ला बंद होणार होतं. मायक्रोसॉफ्ट आपल्या अझ्युर ग्राहकांना एजिओच्या जाळ्यावरून सेवा देत होती, त्या सगळ्यांना त्या तारखेआधी दुसरीकडे हलवावं लागलं. अशा वेळी एकेक डोमेन हाताने हलवणं शक्य नसतं. त्यासाठी टूल लागतं. यादी द्यायची, कमांड चालवायची, डोमेन निघाली. दिसायला एवढं सोपं.

घोळ नेमका कुठे होतो?

गाळ्याचं भाडं थांबवलं, चावी परत केली, पण रस्त्यावरची पाटी उतरवायची राहिली. उद्या तोच गाळा दुसऱ्या कुणी भाड्याने घेतला तर काय होईल? लोक पाटी बघून येत राहतील. आणि आत बसलेला नवा माणूस तुमच्या नावावर हवं ते विकू शकेल.

सीडीएन किंवा क्लाउड सेवेतून डोमेन काढलं आणि डीएनएसमधली नोंद तशीच ठेवली, तर हेच होतं. ती नोंद आता कुणाचीच नसलेल्या जागेकडे बोट दाखवत राहते. सेवा देणारी कंपनी पुरेशी तपासणी करत नसेल, तर ती जागा कुणीही मागून घेऊ शकतो. सायबर सुरक्षेच्या भाषेत याला सबडोमेन टेकओव्हर म्हणतात.

यात सर्वात जास्त धोका पत्त्याच्या खरेपणाचा असतो. 'स्पेलिंग नीट बघा, कुलूप आहे का बघा' हा सल्ला आपण कायम ऐकतो. इथे स्पेलिंग बरोबर असतं, कारण पत्ता खराच असतो. कुलूपही असू शकतं, कारण त्या पत्त्यावरचा मजकूर ज्याच्या ताब्यात आहे, त्याला त्या पत्त्याचं वैध सर्टिफिकेट फुकटात मिळवता येतं. मूळ साइटने कुकीज ढिलाईने ठेवल्या असतील, तर लॉगिनची माहितीही त्या सबडोमेनपर्यंत पोहोचू शकते.

अशी विसरलेली पाटी किती वर्षं लटकत राहू शकते? मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनचं उदाहरण बघा. २००१ मध्ये एमएसएनने अमेरिकेतल्या प्रसिद्ध मार्था स्टुअर्ट यांच्या नावाने एक बक्षीस योजना काढली होती. त्यासाठी एमएसएनच्या एका सबडोमेनची नोंद दुसऱ्या एका डोमेनकडे वळवली होती. योजना संपली आणि ते दुसरं डोमेन सोडून दिलं गेलं. एमएसएनमधली नोंद मात्र राहिली. तब्बल २१ वर्षं. सप्टेंबर २०२२ मध्ये कुणीतरी ते डोमेन पुन्हा विकत घेतलं आणि एमएसएनच्या नावाने ईमेल पाठवायला सुरुवात केली. गार्डिओ लॅब्जने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे उघड केलं. त्यांच्या म्हणण्यानुसार या एका मोहिमेत ८,००० हून अधिक डोमेन आणि १३,००० सबडोमेन वापरली गेली होती. रोज लाखो ईमेल जात होते. आणि ते स्पॅम फिल्टरमधून सुटत होते, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता तपासणीत खरा ठरत होता.

काढायचा बरोबर क्रम कोणता?

डोमेन जोडताना आधी गाळा घेतात, मग पाटी लावतात. काढताना हा क्रम उलटा करायचा असतो. म्हणजे आधी पाटी, मग गाळा. साधारण पायऱ्या अशा:

१. आधी यादी करा. या डोमेनची कोणकोणती नावं सीडीएनला जोडली आहेत, त्यातली कुठली अजून वापरात आहेत, आणि त्या प्रत्येकाची जबाबदारी कुणाकडे आहे.

२. साइट चालूच ठेवायची असेल तर मूळ सर्व्हर तयार ठेवा. बरेच सर्व्हर फक्त सीडीएनकडून आलेलीच मागणी स्वीकारतात. हे कुंपण आधी बदललं नाही तर सीडीएन काढताच साइट बंद पडते. शिवाय आतापर्यंत सीडीएनच्या आड असलेला सर्व्हर आता थेट रस्त्यावर येणार असतो. सगळा भार आणि हल्लेही त्याच्यावर येणार, याची तयारी लागते.

३. डीएनएसची नोंद बदला किंवा काढून टाका. ही झाली पाटी उतरवणं.

४. थांबा. हीच पायरी लोक घाईत गाळतात. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला एक मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. ती ३०० सेकंद असू शकते, ८६,४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवसही असू शकते. तेवढा वेळ जगभरातले सर्व्हर जुनाच पत्ता सांगत राहू शकतात.

५. लॉग बघा. सीडीएनवर त्या नावाची मागणी अजून येते आहे का? एखादं जुनं ॲप, एखाद्या कार्यक्रमात छापलेला क्यूआर कोड अजून तिथेच पाठवत असेल, तर ते इथे कळतं.

६. आधी बंद करा, मग पुसा. बंद केलेलं पुन्हा चालू करता येतं, पुसलेलं येत नाही.

७. शेवटी सर्टिफिकेट, चाव्या, साठवलेल्या प्रती आणि बिलिंग यांची आवराआवर करा. आणि काय काढलं, कधी, कुणी, कशासाठी, हे लिहून ठेवा.

सहावी पायरी काही सेवांनी सक्तीचीच केली आहे. क्लाउडफ्रंटमध्ये चालू असलेली जोडणी थेट डिलीट करता येत नाही. आधी ती बंद करावी लागते, तो बदल सगळ्या सर्व्हरपर्यंत पोहोचेपर्यंत थांबावं लागतं, त्यानंतरच डिलीट करता येतं. वैताग येतो, पण तो मुद्दाम दिलेला वेळ आहे. त्याच सेवेने २०१९ पासून आणखी एक अट घातली. एखादं नाव जोडायचं असेल तर त्या नावाचं वैध सर्टिफिकेट दाखवा. म्हणजे दुसऱ्याच्या पाटीवर सहजासहजी हक्क सांगता येत नाही. पण सगळ्याच सेवा इतक्या कडक नाहीत, म्हणून पाटी उतरवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

टूल आहे, कमांड आहे, मग लिहून कशाला ठेवायचं?

याचं उत्तर अमेझॉनच्या एका गाजलेल्या घटनेत आहे. २८ फेब्रुवारी २०१७. अमेझॉनच्या एस३ या साठवणूक सेवेतली एक अडचण शोधण्याचं काम चालू होतं. अधिकार असलेल्या एका कर्मचाऱ्याने, ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीनुसारच, काही थोडे सर्व्हर काढण्यासाठी कमांड दिली. त्यात एक आकडा किंवा शब्द चुकला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागला. त्या काळात एस३ वर अवलंबून असलेल्या असंख्य साइट्स अडखळल्या. अमेझॉनला स्वतःचं 'सेवा चालू आहे की बंद' सांगणारं पानही बदलता येईना, कारण तेही एस३ वरच अवलंबून होतं.

अमेझॉनने नंतर दिलेल्या खुलाशात दोष टूलमध्ये शोधला. एका फटक्यात इतकं काही काढू देणारं टूल असावंच का? त्यांनी ते बदललं. आता काढण्याचं काम सावकाश होतं, आणि किमान गरजेपेक्षा खाली जाणार असेल तर टूलच नकार देतं.

दुसरं उदाहरण तर प्रत्येकाने अनुभवलेलं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकदम बंद पडलं आणि सुमारे सहा तास बंद राहिलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं अंतर्गत जाळंच तोडलं. त्यापाठोपाठ कंपनीचे डीएनएस सर्व्हरही इंटरनेटवरून दिसेनासे झाले. अशा घातक कमांड अडवणारं टूल कंपनीकडे होतं. पण त्यातच बग होता.

या दोन घटना सीडीएनवरून डोमेन काढण्याच्या नाहीत. पण काढण्याचं कुठलंही टूल कसं असावं, याचा धडा त्यांतून मिळतो. चांगलं टूल आधी 'मी हे हे काढणार आहे' अशी यादी दाखवतं, पण खरं काही काढत नाही. याला ड्राय रन म्हणतात. डीएनएसची नोंद अजून याच जागेकडे बोट दाखवत असेल तर ते पुढे जायला नकार देतं. एका वेळी किती डोमेन काढता येतील याला मर्यादा घालतं. आणि केलेल्या कामाची नोंद ठेवतं.

त्या टूलचं डॉक्युमेंटेशन म्हणजे नुसती कमांडची यादी नसते. टूल काय करतं याच्याइतकंच, टूल काय करत नाही हे त्यात लिहिलेलं लागतं. उदाहरणार्थ, 'हे टूल सीडीएनमधून नाव काढतं, डीएनएसची नोंद काढत नाही, ती आधी हाताने काढा.' हे एक वाक्य लिहिलेलं नसेल तर रात्री दोन वाजता काम करणारा नवा इंजिनिअर असंच समजतो की टूलने सगळं केलं असेल. सीनेमची नोंद विसरते ती बहुतेक अशीच. एका टीमला वाटतं दुसरीने काढली, दुसरीला तर गाळा सोडला हेच माहीत नसतं.

सीडीएनवरून काढलं म्हणजे साइट इंटरनेटवरून गेली का?

नाही. सोशल मीडियावर 'अमुक साइट उडवली' अशा पोस्ट येतात, तेव्हा हा फरक विसरला जातो. सीडीएन म्हणजे गाळा. कारखाना वेगळाच असतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरने 'डेली स्टॉर्मर' या नवनाझी साइटला सेवेतून काढलं. कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या ईमेलमध्ये, सकाळी मूड खराब होता आणि त्यांना हाकलायचं ठरवलं, अशा अर्थाचं लिहिलं. एवढी ताकद कुणाही एकाच्या हाती असू नये, हेही त्यांनीच म्हटलं. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एल पासो इथल्या गोळीबारानंतर '८चॅन' या साइटलाही काढण्यात आलं. तीच साइट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये '८कुन' या नावाने परत आली.

म्हणजे सीडीएनवरून काढल्याने साइट उघडी पडते, संथ होते, हल्ल्यांपुढे टिकणं अवघड होतं. ती पुसली जात नाही. आणि अशा वेळी 'कुणी ठरवलं आणि कोणत्या नियमाने' ही नोंद तांत्रिक पायऱ्यांइतकीच महत्त्वाची ठरते.

आपण काय करायचं?

तुम्ही फक्त लिंक उघडणारे असाल तर दोन गोष्टी. पहिली, पत्ता खरा आहे म्हणून मजकूर खरा असं धरू नका. सरकारी किंवा नामांकित पत्त्यावर अचानक बक्षीस, फुकट चित्रपट, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं दिसलं तर पान बंद करा. दुसरी, अनोळखी पानाने नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर देऊ नका. हेझी हॉकच्या फसवणुकीचा मोठा भाग याच परवानगीवर चालतो. एकदा 'अलाउ' दाबलं की पान बंद केल्यावरही खोट्या सूचना येत राहतात. चुकून परवानगी दिली असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढता येते.

आणि तुमच्या मंडळाची, दुकानाची, संस्थेची वेबसाइट असेल तर आज एक काम करा. ज्याने ती करून दिली त्याच्याकडून डीएनएसची पूर्ण यादी मागवा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा, ही कुठे जाते, ती जागा अजून आपली आहे का, आणि ही कुणी लावली. ज्या नोंदीपुढे उत्तर सापडणार नाही, तिची चौकशी आधी करा. एमएसएनच्या यादीतली तशी एक ओळ २१ वर्षं कुणी विचारलीच नव्हती.